म्हातारीचा उतारा

आमच्या घरात आलेली पहिली सून राक्षस बनवायची. आज मी हे हसत सांगते, पण तेव्हा ते कळायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला, आणि ज्या रीतीनं कळलं तसं वैऱ्याच्या घरातही कळू नये. राक्षस म्हणजे खेळातले. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, एकानं सूत्रधार व्हायचं आणि नुसत्या बोलण्यातून सगळी गोष्ट उभी करायची. जंगल, भुयार, लढाई, सगळं. कोण वाचला नि कोण मेला ते फासे ठरवणार. वहिनी कल्याणला कॉलेजात असताना तिचा कंपू हा खेळ खेळायचा. कुणाच्या तरी मामानं परदेशातून नियमांचं पुस्तक आणलं होतं, त्याच्या झेरॉक्सवर सगळ्यांचं भागत होतं. वहिनीकडे काम होतं राक्षस पुरवण्याचं, त्यातही मंत्रतंत्र करणाऱ्या राक्षसांचं. लग्न होऊन ती भिवंडीजवळ अंजूरला आमच्या घरी आली आणि तिची शनिवारची बैठक सुटली, पण राक्षस मात्र तिच्याकडूनच जात राहिले. फोनवरून.

आता आमचं घर कसं होतं ते सांगते, म्हणजे एका फोनवरून एवढं रामायण का झालं ते कळेल. शेतं गोडाऊनवाल्यांना गेली आणि त्या पैशातून बाबांनी रस्त्याला लागून बंगला बांधला. खाली संगमरवर, सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही असा आईचा दंडक, आणि मागल्या दारी मात्र चूल, कारण गॅसवरच्या भाकरीला चव नसते हेही आईचंच मत. दिवसभर कंटेनर मागे घेताना वाजणारी ती किरकिरी धून, खाडीकडून येणारा चिखलाचा वास, आणि दुपारी तव्यावर सुकट भाजली की त्या दोन्हींवर मात करणारा तो धूर. आमच्याकडे खायला काही कमी नव्हतं. कमी होता तो विश्वास. आई कोळणीच्या समोर माशाचं गालफड उचलून बघायची, आणि घरी आणल्यावर परत एकदा बघायची. बाबा दुधवाल्याच्या दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरायचे. जमिनीचा पैसा आल्यापासून दूरचे नातेवाईक जवळ आले होते, जवळचे दूर गेले होते, आणि गावात जो तो दुसऱ्याच्या सहीकडे डोळे लावून बसला होता. त्यात वाढलेली मी. आज मी विमा कंपनीत दावे तपासते, म्हणजे संशय घ्यायचा मला पगार मिळतो. तो अभ्यास माझा घरीच झाला.

घरात आई-बाबा, दादा, मी आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून माहेरीच. खाडीलगतचं खाजण, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं ती खारी जमीन, तेवढा एक तुकडा आजोबांनी तिच्या नावावर केला होता. एके काळी तिथं चिखलातले निवटे मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, यांशिवाय काही मिळत नव्हतं. पण गोडाऊनचा भराव जसजसा खाडीकडे सरकू लागला तसतसा आत्याचा मान घरात वाढू लागला. आत्याला आधी वाढा, आत्याला पंखा द्या, आत्याला चिंबोरीचा मोठा नांगा द्या. आत्या सगळं घ्यायची आणि कुणालाच हसून दाखवायची नाही. तिच्या पोलक्यात किल्ल्यांचा जुडगा असायचा, झोपेतसुद्धा.

अशा घरात वहिनी आली. गोरीपान, चष्मा, हळू बोलणारी. स्वयंपाक वाईट नव्हता, उलट उत्तर नव्हतं, पाया पडणं वेळच्या वेळी. मला पहिल्या दिवसापासून वाटलं, एवढं सरळ कुणी असतं होय? मी लक्ष ठेवायला लागले. दुपारी कामं आटोपली की ती गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीला जाऊन बसायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकटी आखलेल्या, त्यावर चिंचोके मांडलेले. एक चिंचोका सरकवायचा, फासा टाकायचा, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं, "मेली. परत मेली. छे, लवकर मेली." जिन्याच्या दाराआड उभी राहून मी हे ऐकत होते. एकदा आईला गादी झटकताना तिचा फासा सापडला. निळा, पारदर्शक, आणि त्याला वीस तोंडं. आईनं तो हातात न घेता चिमट्यानं उचलला, स्टीलच्या वाटीखाली झाकला आणि वाटीवर वरवंटा ठेवला. संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "आई, माझा फासा दिसला का?" तेव्हा आई म्हणाली, "न्हाय बा," आणि रात्रभर ते वरवंट्याखालचं प्रकरण तसंच राहिलं. सकाळी वहिनीनंच चटणी वाटायला वरवंटा उचलला. फासा घेतला, धुतला, पुसला, आणि एक शब्द बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला आजही जास्त संशय येतो.

ती काय करत होती ते नंतर तिनंच मला शिकवलं, आणि इथं सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मंत्रवाला राक्षस बनवणं सगळ्यात अवघड. तलवारीचा राक्षस सोपा. अंगात रक्त किती, म्हणजे किती वार सोसणार, कातडी जाड किती, झालं. पण मंत्रवाल्याला काय काय येतं ते आधी ठरवावं लागतं, आणि नवखा माणूस तिथंच वाहवत जातो. मी बनवलेल्या पहिल्या राक्षसाला वीसेक विद्या येत होत्या. आग, वीज, वादळ, माणसाचं बेडूक करणं, काही सोडलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "अगं, लढाईत हा जगणार तीन-चार डाव. एका डावात एक विद्या. उरलेल्यांचं काय लोणचं घालणार आहेस?" तिचा हिशेब तीनाचा. पहिलीनं कळावं की कोण आलंय. दुसरीनं दुखावं. तिसरीनं त्याला पळता यावं, कारण पळाला नाही तर परत कसा भेटणार? आणि प्रत्येकाला एक तोड असली पाहिजे, शोधणाऱ्याला सापडेल अशी, पण सहज नाही. पुस्तकात या सगळ्याला इंग्रजी नावं होती. हिच्या कंपूनं ती मराठीत घेतली. 'मंत्र' म्हटलं की पूजेला बसल्यासारखं वाटतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून विद्येला ते 'करणी' म्हणू लागले. आणि तोडीला 'उतारा'. करणीवर उतारा, शब्द कसा जागच्या जागी बसला. फक्त कल्याणच्या त्या पोरांना हे माहीत नव्हतं की आमच्या अंजूर-शेलार पट्ट्यात त्या दिवसांत 'उतारा' म्हटलं की कुणाला लिंबू-नारळ आठवत नव्हता. सातबाऱ्याचाच उतारा आठवत होता. जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा तलाठ्याचा कागद.

आणि नेमका तेव्हाच तो घोळ झाला. एके दिवशी बाबा भिवंडीहून रिक्षानं आले ते चपला न काढताच हॉलमध्ये उभे राहिले. तलाठ्याकडे ओळखीचा एक माणूस होता, त्यानं बाबांच्या कानात सांगितलं होतं की तुमच्या बहिणीच्या खाजणाचा उतारा कुणीतरी नुकताच काढून नेलाय. कोण ते त्याला माहीत नव्हतं. बाबा हळू आवाजात आईला म्हणाले, "बाहेरचा मानूस कशाला काढंल? घरातल्याच कोनीतरी दलालाला दिलाय." आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी दादाकडे, दादानं माझ्याकडे. दादा तेव्हा एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता आणि दलालांच्या मोटारसायकली रोज त्याच्या गेटवर असायच्या, त्यामुळे तो उगाच घाम पुसू लागला. आत्या ओट्यावर बसून वाल सोलत होती. तिनं मान वर केली नाही. त्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी धड बोलेना. जेवताना फक्त भाकरी मोडल्याचा आवाज.

मग तो फोन. आमच्याकडे एकाच लाइनवर दोन फोन होते, एक खाली हॉलमध्ये, एक वर दादाच्या खोलीत. वरचा उचलला की खालच्यात टक् असं वाजायचं. शनिवारी दुपारी टक् वाजलं आणि मी खालचा उचलून कानाला लावला. ऐकलं ते बाबांना सांगितलं. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही; तुम्ही असतात तर तुम्हीही सांगितलं असतंत. पलीकडे पुरुषाचा आवाज होता, आणि वहिनी कधी नव्हे ती खुलून बोलत होती.

"म्हातारी फार जगतेय रे केतन," वहिनी म्हणाली. "सहा डाव झाले तरी मरत नाही. तिचं रक्त कमी करायला हवं."

"आणि उतारा?"

"उतारा लपवलाय. खाजणातच. एकदा तो हातात आला की म्हातारी संपली, नि खाजण मोकळं. पण तू आधी कुणाला बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतोय! सगळे वेडे होतील," असं म्हणून तो केतन हसला, आणि वहिनीही हसली.

मी रिसीव्हर ठेवला. बाहेर ओट्यावर आत्या वाळत घातलेल्या सुकटीवरच्या माशा हाकत बसली होती, तिच्याकडे बघवेना. बाबांना मी शब्द न् शब्द सांगितला. बाबांनी दादाला बोलावलं. दादा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. "तिला माहेरी सोडून ये. उद्याच," बाबा म्हणाले. "परत आनू नको." दादा आपल्या बायकोसाठी एक शब्द बोलला नाही, याचा मला मात्र राग आला. संशय मी घेतला होता, पण मी नणंद होते; त्याचं काय?

रविवारी जेवणं झाली. चिंबोरीचं कालवण होतं आणि कुणालाच गेलं नाही. वहिनी हॉलच्या मधोमध उभी, तिची बॅग दादानं भरून जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवलेली. हे सगळं कशासाठी ते तिला कुणी अजून सांगितलंच नव्हतं. ती एकदा बॅगेकडे बघायची, एकदा दादाकडे. बाबांनी सोफ्यावर बसल्याबसल्या विचारलं, "उतारा कुठं लपवलाय?"

वहिनी गोंधळली. माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि तिला वाटलं असावं की चला, निदान खेळाबद्दल तरी कुणी विचारलं. ती खरं तेच बोलली. "खाजणात. बांधाजवळच्या दगडाखाली."

आईनं "अगो बाय माझे!" करून कपाळावर हात मारला.

"कोनाकोनाला सांगितलंस?"

"केतनला फक्त. बाकीच्यांना नाही. आधी सांगितलं तर काय मजा राहिली?"

"मजा?" बाबा उठून उभे राहिले. "म्हातारीला मारायची तुला मजा वाटते?"

"मारायची नाहीये हो, बाबा," वहिनी काकुळतीला आली. "उलट एवढ्यात मरू नये म्हणूनच तर मी तिला तिसरी करणी दिली!"

झालं. करणी हा शब्द ऐकल्यावर आई देव्हाऱ्याकडे धावली. दादा बॅग उचलायला वाकला. आणि तेवढ्यात ओट्याच्या दारातून आवाज आला, "थांबा रे जरा." आत्या आत आली, पदराला हात पुसत. सरळ वहिनीच्या समोर जाऊन उभी राहिली. "पोरी, कनचा उतारा तुझा? सातबाऱ्याचा का लिंबाचा?"

वहिनीच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. तिला आधी हसू आलं आणि मग जे रडू कोसळलं ते आवरेना. रडत रडतच वर गेली, कॅलेंडर, चिंचोके, फासे सगळं घेऊन आली आणि आत्याच्या पुढ्यात फरशीवर मांडलं. खेळ कसा, आणि केतन म्हणजे कंपूचा सूत्रधार, ते सांगितलं. बाबांचा विश्वास बसला नाही. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते की मोठी मानसं असला खेल खेलतात व्हय? मलाही तो बनाव वाटत होता. इतक्या पटकन एवढी मोठी गोष्ट कुणी रचू शकत नाही, हे काही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आत्या मात्र मांडी घालून बसली. "मना दाखव तुझी म्हातारी," ती म्हणाली.

वहिनीनं एक काळा चिंचोका चौकटीच्या टोकाला ठेवला. "ही खाजणातली म्हातारी. तिला तीन करण्या येतात. पहिली, मिठाचं धुकं. ते आलं की शेजारचा माणूस शेजारच्याला दिसत नाही, आपलेच आपल्यांवर वार करतात. दुसरी, सावलीवर पाय. ज्याच्या सावलीवर ती पाय देते त्याला जागचं हलता येत नाही. तिसरी, भरती. हाक मारली की खाडीचं पाणी चढतं आणि ती त्यात दिसेनाशी होते."

"आन ती खाते काय? पोरा?"

"नाही. कुणालाच खात नाही. सगळे तिच्या खाजणावर चालून येतात म्हणून ती करणी करते."

आत्यानं तो चिंचोका उचलून तळहातावर घेतला. मग विचारलं, "दगडाखाली उतारा काय ठेवलायस? नारल?"

"प्रश्न," वहिनी म्हणाली. "दगडावर कोरलेला. तिच्यासमोर उभं राहून हत्यार खाली ठेवायचं आणि विचारायचं, तुला काय हवंय? एवढं विचारलं की तिच्या करण्या संपतात."

आईच्या हातातला अंगारा तसाच होता.

"ही मीच हाय," आत्या म्हणाली. वहिनीची मान खाली गेली. "माफ करा आत्या," ती पुटपुटली, पण आत्या रागावलेली नव्हती. तिनं मान वळवून बाबांकडे बघितलं. "बालू, तो उतारा मीच काढला. मीच रिक्षा करून तलाठ्याकडं गेलती."

बाबांचा आवाज एकदम चढला. "तू? कोनाला दिलास? कनच्या दलालाला?"

"बघ," आत्या वहिनीला म्हणाली. "परत तोच इचारतंय."

वहिनीनं डोळे पुसले. फासा बाजूला ठेवला. "आत्या, तुम्हाला काय हवं होतं?"

"मना बघायचा व्हता," आत्या म्हणाली, "माझं नाव अजून त्याच्यावर हाय का न्हाय."

बाबा सोफ्यावर बसले. प्लास्टिक करकरलं. इतकी वर्षं एका ताटलीतून जेवलेली बहीण, आणि स्वतःला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं तलाठ्याकडच्या कुणा पोराकडून भावाचं इमान वाचून घेतलं होतं. बाबांनी तिचं नाव खोडायला कधी काही केलं नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूनं शपथेवर सांगेन. पण त्यांनी "मी असा हाय का गो बाय?" असं विचारलंसुद्धा नाही. जो माणूस घरच्या सुनेला फोनवरच्या चार वाक्यांवरून बाहेर काढायला निघाला होता, तो कुठल्या तोंडानं विचारणार? त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढून पुसला. मला तेव्हा बाबांची फार दया आली, आणि आत्याचीही, आणि कुणाच्या बाजूनं रडावं तेच कळेना.

"हाय नाव," आत्याच म्हणाली शेवटी. "पुरतं हाय, बापाच्या नावासकट." मग तिनं वहिनीला विचारलं, "तुझा काय गो नाव?"

"पल्लवी," वहिनी म्हणाली. आमच्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. पल्लवी हे दादाच्या पसंतीचं होतं. तसं घरात तेही कुणी घेत नव्हतं. ती आईची सूनबाई होती, माझी वहिनी होती, आणि दादा तिला नुसतंच 'अगं' म्हणायचा.

"त्या न्हाय. बापानं ठेवलेला."

वहिनीनं एकदा दादाकडे बघितलं. "मेधा."

आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. जिन्याच्या पायथ्याशी गेली, बॅगेला पायानं जरासं ढकलून बघितलं, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मेधा, तुझी बॅग वर ने."

मेधा उठेपर्यंत दादानंच ती उचलली होती.